‘मसाला’ आणि जुना वाटखर्च

जुन्या मोडी दफ्तरांत ‘मसाला’ हा शब्द आढळला म्हणजे नवखा वाचक तो कोठीचा जिन्नस समजतो किंवा दंड मानतो. हे दोन्ही अर्थ आम्हांस ग्राह्य वाटत नाहींत. सरकारांतून कामगिरीवर निघालेला जासूद वा शिपाई ज्याच्याकडे जाई, त्याच्याचकडून त्याच्या खर्चाबद्दल घेतली जाणारी रक्कम म्हणजे मसाला. चाकरी सरकारची, वाटखर्चाचा भार मात्र रयतेवर.

शाहूवाडी टापूंतील कागद वाचतांना ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. येथें विशाळगडकर पंतप्रतिनिधींची जहागीर होती. १८४४ च्या बंडानंतर गड पाडला गेला व त्यांचें ठाणें मलकापुरास आलें. आंबा व अणस्कुरा घाटांच्या या अवघड मुलखांत कामगाराचा भत्ता जमाखर्चांत एक वेळ सांपडेल. पण त्याचें ओझें वाहणाऱ्या महाराची मजुरी सांपडेलच असें नाहीं. ती वेठ, वेठीस दाम नाहीं, म्हणून नोंदही नाहीं. शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं महार वतनें रद्द केलीं, तेव्हां या चाकरीचा वतनी पाया गेला.

आज सरकारी नोकराचा प्रवासभत्ता देयकावरून खजिन्यांतून मिळतो. हा पालट कसा झाला हें पाहावयाचें तर साधन या क्षुल्लक कागदांचेंच आहे. म्हणून संग्राहकांस आमची विनंती कीं, सनदा व वंशावळी जपतां तशाच मसाल्याच्या चिठ्याही जपाव्या. त्या रद्दींत गेल्या तर वाट कोणीं तुडविली आणि खर्च कोणीं सोसला, याचा पुरावाच नाहींसा होईल.