झोपेच्या गोळीचा इतिहास आणि ती सोडण्याची वाट

आज आम्ही तुम्हांला एका गोळीचा इतिहास सांगणार आहोत. तिला कुणी झोपेची गोळी म्हणतं, कुणी टेन्शनची. जुन्या बायका अजूनही तिला 'काम्पोज' म्हणतात, मग पाकिटावर नाव कुठलंही असो. डॉक्टरी भाषेत या गोळ्यांच्या घराण्याचं नाव आहे बेन्झोडायझेपिन. डायझेपाम, अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, नायट्राझेपाम ही या घराण्यातली माणसं. नावाच्या शेवटी बहुधा 'पाम' किंवा 'लाम' येतं, एवढी खूण लक्षात ठेवा.

गोळीचा कसला इतिहास, असं तुम्ही म्हणाल. पण गावोगावच्या गटांत आम्ही फिरतो तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर येते. बचत जमा होते, सह्या होतात, बायका उठतात, आणि मग कुणीतरी मागे थांबून हळूच सांगते, "बाळंतपणानंतर सुरू केलेली गोळी अजून सुटली नाही. सोडली की रात्रभर डोळा लागत नाही, छातीत धडधडतं, अंगाला मुंग्या येतात. घरचे म्हणतात, नाटकं करते." कुणी म्हणते, "मलाच मन घट्ट करता येत नाही." हा दोष त्या बाईच्या मनाचा नाही, हे आम्ही नुसतं सांगून भागत नाही. तो कुणाचा आणि कशाचा, हे कळायला साठ-सत्तर वर्षं मागं जावं लागतं.

माणसाला झोप न येणं हे काही आजचं दुखणं नाही. शंभर वर्षांपूर्वी त्यावर ब्रोमाइड द्यायचे. १९०३ साली बार्बिच्युरेट घराण्यातलं पहिलं झोपेचं औषध बाजारात आलं. त्याने झोप यायची, पण दोन गोळ्या जास्त झाल्या तर माणूस पुन्हा उठायचाच नाही. सवयही जबर लागायची. म्हणून डॉक्टर मंडळी कमी धोक्याचं औषध शोधत होती.

ते सापडलं अमेरिकेत. लिओ स्टर्नबाख नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. मूळचे युरोपातले, ज्यू. हिटलरचा धोका वाढला तेव्हा १९४१ साली ते अमेरिकेत गेले आणि न्यू जर्सी राज्यातल्या हॉफमन-ला रोश या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. कित्येक रसायनं करून पाहिली, एकही लागू पडेना. काम गुंडाळायचं ठरलं. १९५७ साली टेबलं आवरताना एका सहकाऱ्याला तपासायची राहून गेलेली एक पूड सापडली. ती जनावरांवर तपासली तर जनावरं शांत झाली, पण झिंगली नाहीत. त्या पुडीपासून १९६० साली 'लिब्रियम' आणि १९६३ साली तिची धाकटी बहीण 'व्हॅलियम', म्हणजेच डायझेपाम, बाजारात आली. आपल्या देशात हेच डायझेपाम काम्पोज नावाने घरोघरी गेलं.

इथं एक गोष्ट सरळ सांगायला हवी. ही औषधं खोटी नाहीत. फिट थांबवायला, ऑपरेशनच्या आधी भीती घालवायला, दारू सोडवताना होणारा जिवावरचा त्रास टाळायला आजही दवाखान्यात ती लागतात. थोडे दिवस घेतली तर ती मोठा आधार देतात. घोटाळा झाला तो थोड्या दिवसांची वर्षं झाली तिथं.

आणि ती वर्षं जास्त करून बायकांच्या वाट्याला आली. त्या काळच्या अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या जाहिराती पाहिल्या तर त्यांत घरकामाने थकलेली, मुलांनी वैतागलेली, एकटी पडलेली बाई दिसते, आणि उपाय म्हणून गोळी. तिचं काम वाटून घ्या, तिचं ऐकून घ्या, असं कुठली जाहिरात सांगणार? अनेक देशांत या गोळ्या पुरुषांच्या साधारण दुप्पट बायकांना लिहून दिल्या गेल्या. १९७८ या एका वर्षात एकट्या अमेरिकेत व्हॅलियमच्या सुमारे २३० कोटी गोळ्या खपल्या.

आता ही गोळी सवय कशी लावते ते पाहू. आपल्या मेंदूत गाबा नावाचं एक द्रव्य असतं. उधळलेल्या बैलाला जशी वेसण, तसं ते मेंदूच्या धावपळीला आवरतं. ही गोळी गाबाचा जोर वाढवते. म्हणजे वेसण ओढायला दुसरा गडी मिळतो. पण दुसरा गडी रोजच येऊ लागला की मेंदू आपला हात सैल सोडतो. शरीराच्या अंगवळणी पडतं. मग एके दिवशी गोळी एकदम बंद केली की वेसण धरायला कुणीच उरत नाही. बैल उधळतो. झोप उडते, हात कापतात, घाम फुटतो, आवाज आणि उजेड सोसवत नाही, जीव घाबरा होतो, कुणाकुणाला फिटही येते. मेंदूचा हात पुन्हा घट्ट व्हायला वेळ लागतो. तो वेळ न देणं हीच खरी चूक.

ही गोष्ट शास्त्रज्ञांना उशिरा कळली असं नाही. गोळी बाजारात येऊन वर्षच झालं होतं. १९६१ साली लिओ हॉलिस्टर या अमेरिकन डॉक्टरांनी लिब्रियमचा मोठा डोस काही महिने घेतलेल्या ११ रुग्णांची गोळी एकदम बंद करून पाहिली. १० जणांना त्रास झाला, दोघांना फिट आली. पण लोकांनी समजूत करून घेतली की हे मोठ्या डोसचं आहे, नेहमीच्या डोसला काही होत नाही. त्या समजुतीवर वीस वर्षं गेली.

ती समजूत मोडायला बायका पुढे आल्या. बार्बरा गॉर्डन या टीव्हीवर माहितीपट करणाऱ्या अमेरिकन बाई होत्या. डॉक्टरच्या सल्ल्याने त्यांनी व्हॅलियम एकदम बंद केली आणि त्यांना मनोरुग्णालयात राहायची वेळ आली. १९७९ साली त्यांनी आपली कहाणी पुस्तकात लिहिली. त्याच वर्षी अमेरिकेच्या सिनेटमध्ये एडवर्ड केनेडी यांनी या गोळ्यांवर सुनावणी घेतली. १९८१ साली लंडनच्या माल्कम लेडर आणि त्यांच्या सहकाऱ्याने नेहमीचाच डोस दीर्घकाळ घेतलेले १६ रुग्ण तपासले. गोळी सोडताना सगळ्यांनाच त्रास झाला. म्हणजे बायका सांगत होत्या ते खरंच होतं.

इंग्लंडमध्ये बीबीसी टीव्हीच्या 'दॅट्स लाइफ' या कार्यक्रमात हा विषय निघाला, तेव्हा हजारो पत्रं आली. ज्या बाईला वाटत होतं की जगात आपण एकटीच अशी, तिला कळलं की शेजारच्या गल्लीतही तेच आहे. मग ठिकठिकाणी गोळी सोडणाऱ्यांचे गट उभे राहिले. आपल्या गटांसारखेच, दहा-पंधरा जणी बसून एकमेकींचं ऐकणारे. पुढे सुमारे १४,००० लोक औषध कंपन्यांविरुद्ध कोर्टात गेले. तो खटला निकालाआधीच बारगळला. पण १९८८ साली ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने डॉक्टरांना सांगितलं, या गोळ्या दोन ते चार आठवड्यांपुरत्याच द्या.

या सगळ्यात आम्हांला सर्वांत जवळची वाटते ती हेदर अ‍ॅश्टन. ही बाई जन्मली आपल्याच देशात, १९२९ साली, देहरादूनला. वडील हॅरी चॅम्पियन जंगल खात्यात होते. भारतातल्या जंगलांचे प्रकार त्यांनी ठरवले, ते आजही वनखात्यात शिकवले जातात. मुलगी इंग्लंडमध्ये डॉक्टर झाली. न्यूकॅसल शहरात १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं तिने फक्त या गोळ्या सोडणाऱ्यांसाठी दवाखाना चालवला. तीनशेहून जास्त रुग्ण तिने पाहिले. तिने काय केलं, तर रुग्णांचं ऐकलं. त्यांचं म्हणणं खोटं न मानता लिहून काढलं. त्यातून १९९९ साली एक पुस्तिका तयार झाली, ती पुढे अनेक भाषांत गेली. २०१९ साली अ‍ॅश्टन बाई वारल्या.

त्यांची रीत आपल्या गटातल्या बाईला सहज कळेल अशी आहे. कर्ज आपण एकदम फेडतो का? हप्त्याने फेडतो. गोळीही हप्त्याने सोडायची. असलेल्या डोसच्या साधारण दहाव्या भागाएवढी घट, मग आठवडा-दोन आठवडे थांबायचं, शरीर सावरलं की पुढची घट. लवकर उतरणाऱ्या गोळीऐवजी आधी सावकाश उतरणारं डायझेपाम द्यायचं. किती भराभर जायचं ते रुग्णाने डॉक्टरशी बोलून ठरवायचं. कुणाला काही महिने लागतात, कुणाला वर्षाहून जास्त. घाई करणाऱ्याला बक्षीस नाही.

आणि आता सर्वांत महत्त्वाचं. बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत, महिन्यांत ओसरतो. पण दीर्घकाळ गोळी घेतलेल्यांपैकी काहींचा, अ‍ॅश्टन यांच्या अंदाजाने शंभरातल्या दहा-पंधरा जणांचा, त्रास गोळी पूर्ण सुटल्यावरही बरेच महिने, क्वचित वर्षांनी मोजावा इतका टिकतो. झोप तुटक राहते, कानात आवाज येतो, हातापायांना मुंग्या येतात, अंग आखडतं, पोट बिघडतं, मन उदास होतं, अकारण भीती वाटते. हा त्रास सरळ उतरत नाही. चार दिवस बरे जातात, मग पुन्हा लाट येते. त्या लाटेत बाईला वाटतं, संपलं, आपण आता कधीच बरे होणार नाही. घरचे म्हणतात, गोळी सोडून सहा महिने झाले, आता कसलं काय! पण अ‍ॅश्टन यांनी पाहिलं ते असं की लाटा हळूहळू लहान होतात, दोन लाटांमधले बरे दिवस वाढतात, आणि बहुतेक माणसं बरी होतात. पावसाळा संपतानाही मधेच सर येते. म्हणून काही पुन्हा आषाढ लागला असं होत नाही.

आपल्याकडे काय स्थिती आहे? कायद्याने या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. १ मार्च २०१४ पासून डायझेपाम, अल्प्राझोलम, नायट्राझेपाम अशा गोळ्या एच-वन यादीत आहेत. औषध दुकानदाराने डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षं जपायची असते. तरी जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं गोळी आणली जाते, हे तुम्हांआम्हांला ठाऊक आहे. आणखी एक वाट आपल्या शेजारी तेलंगणात दिसते. तिथं ताडीत अल्प्राझोलम, डायझेपाम मिसळतात. २०२० च्या टाळेबंदीत ताडीची दुकानं बंद झाली, तेव्हा हैदराबादच्या एर्रागड्डा इथल्या मनोरुग्णालयात कापणारी, भ्रमात बोलणारी माणसं रांगेने आली. गोळी आपण घेतो हे त्यातल्या अनेकांना माहीतही नव्हतं. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेच्या औषध खात्याने या सर्व गोळ्यांवर सवयीचा आणि सोडतानाच्या त्रासाचा ठळक इशारा छापायला लावला. हॉलिस्टर यांच्या ११ रुग्णांनंतर ५९ वर्षांनी!

म्हणून मैत्रिणींनो, या इतिहासातून आपण घरी न्यायच्या गोष्टी अशा.

हे भाषण ऐकून आज रात्री कुणीही गोळी फेकून देऊ नका. फिटसाठी चालू असलेली गोळी तर मुळीच नाही. गरोदर बाईने, म्हाताऱ्या माणसाने, दारू पिणाऱ्याने डॉक्टरशिवाय डोसला हात लावू नये. पाकीट घेऊन आपल्या डॉक्टरकडे किंवा जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा आणि विचारा, "ही मला किती दिवसांची दिली होती? हळूहळू कशी कमी करायची?" असं विचारणं हा उद्धटपणा नाही, तो आपला हक्क आहे.

बचतीची वही ठेवता तशी एक वही करा. तारीख, किती गोळी घेतली, झोप किती, त्रास कोणता. दोन महिन्यांनी मागची पानं उलटली की वाईट दिवसातही कळतं, आपण कुठून कुठं आलो.

लाट आली की जास्तीची गोळी, दारू, मिश्री यांकडे वळू नका. दुपारनंतरचा चहा कमी करा. पायी फिरा, वेळेवर खा, श्वास सावकाश सोडा. आणि एकटीने सोसू नका. गटातल्या दोघींनी तिच्याकडे जायचं, "अजून बरी नाहीस?" असं न विचारता सोबत भाजी निवडत बसायचं.

फिट आली, भ्रम झाला, तर १०८ ला फोन करा. जीव द्यावासा वाटला तर तिला एकटं सोडू नका, दवाखान्यात न्या. मन मोकळं करायला सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, फुकट आणि मराठीत आहे.

बायकांनी सांगितलं आणि कुणी ऐकलं नाही, म्हणून या गोळीच्या इतिहासात वीस वर्षं वाया गेली. आपल्या गटात ती वीस मिनिटंही जाऊ नयेत. जी सांगते आहे तिचं खरं माना. पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढा.