वह्या बुडाल्या असत्या तर?

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून ही स्मरणिका निघते आहे. मंडळींनी आम्हाला सांगितलं, महाराज, तुम्ही इतिहासावर लिहा. आम्ही चौथी शिकलेलो. आमचं आयुष्य वावरात आणि कीर्तनात गेलं. पंडितांसारखं लिहिणं आम्हाला जमणार नाही. पण एका पोराच्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे बाकी आहे, ते या निमित्तानं देऊन टाकावं म्हणून लिहितो आहोत.

तीन वर्षांमागं गावच्या सप्ताहात एका दिवसाची कीर्तनसेवा आमच्याकडे होती. तुकोबारायांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या, तुकोबा तेरा दिवस शिळेवर बसले आणि वह्या कोरड्या वर आल्या, हा प्रसंग लावला होता. लोक चांगले रंगले. आरती झाली, बुक्का लावून मंडळी उठू लागली, आणि नववीतलं एक पोरगं पाया पडून म्हणतं, "महाराज, वह्या बुडाल्याच असत्या त काय झालं असतं?"

आम्ही लगेच म्हटलं, "अरे, पांडुरंग बुडू देईल का?" भोवतालचे लोक हसले. पोरगं काही न बोलता निघून गेलं.

त्या रात्री आम्हाला झोप नव्हती. त्याच्या प्रश्नाला आम्ही उत्तर दिलंच नव्हतं, नुसतं त्याचं तोंड बंद केलं होतं. दुसऱ्या दिवशी दिंडीतल्या एका म्हाताऱ्या बुवांजवळ गोष्ट काढली तर ते म्हणाले, "काहून डोकं शिणवता? आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. झालं ते देवाच्या मनात होतं म्हणून झालं."

बुवांचं खोटं नाही. पण आम्ही शेतकरी. शेतकऱ्याचं सारं शहाणपण जर-तरमधूनच येतं. पेरणी आठ दिवस थांबवली असती तर दुबार पेरायची पाळी आली नसती, बांध वेळेवर घातला असता तर माती वाहून गेली नसती. असा विचार करणारा पुढच्या साली सावध राहतो. मग संतांच्या इतिहासात तोच विचार केला तर पाप कसं होईल? आम्ही तसा करून पाहिला. जे दिसलं ते सांगतो.

पहिली गोष्ट ज्ञानोबा माउलींची. शके १२१२ म्हणजे सन १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी झाली. तेव्हा देवगिरीला रामदेवराय यादवाचं राज्य होतं, त्याचं नाव ज्ञानेश्वरीच्या शेवटी आलेलं आहे. यानंतर फक्त सहा वर्षांनी, १२९६ मध्ये, अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि खजिना लुटून गेला. त्याच साली कार्तिक वद्य त्रयोदशीला माउलींनी आळंदीला समाधी घेतली. पुढं १३१८ पर्यंत यादवांचं राज्यच मोडलं.

आता मोजून पाहा. ज्ञानेश्वरी सांगायला दहा वर्षांचा उशीर झाला असता तर? देश घाबरलेला, वाटा बंद झालेल्या, जो तो जीव आणि दाणे सांभाळण्यात. नऊ हजार ओव्या सांगणारा असता, पण ऐकायला निवांत कोण बसलं असतं? आणि सांगणारा असूनही लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा नसते तर? माउलींचं नाव आपण रोज घेतो. नेवाशाच्या त्या लेखकाचं नाव वर्षातून कितीदा घेतो?

याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. पंढरपूरच्या मंदिरात चौऱ्यांशीचा शिलालेख आहे, त्यात शके ११९५ ते ११९९ या काळात देवाला दान देणाऱ्यांची नावं आहेत. रामदेवरायाचं नाव आहे, त्याच्या हेमाडपंतांचंही आहे. वारी नुसती राजाच्या दानावर उभी असती तर राजाबरोबर बसली असती. राजा गेला, दान गेलं, पण वारी चालत राहिली, कारण ती लोकांच्या पायांवर होती. तेव्हा सगळेच जर-तर सारखे नसतात. राजा गेला तरी भागलं. लिहून घेणारा नसता तर भागलं नसतं.

दुसरी गोष्ट आपल्या मुलखातली आहे. आपल्या केनवडहून रिसोड, सेनगाव करत गेलं की हिंगोलीच्या अलीकडं नरसी लागते. परंपरेनं ते नामदेवरायांचं जन्मगाव. इकडं मेहकरच्या पलीकडं देऊळगाव राजाच्या भागात मेहुणा राजा आहे, ते चोखोबांचं जन्मगाव मानतात. दोन्ही गावं आपल्या आजूबाजूची, म्हणून ही गोष्ट आपण जास्त आपुलकीनं ऐकावी.

शके १२६० म्हणजे सन १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललं होतं. वेठीला लावलेल्या मजुरांवर भिंत कोसळली, त्यात चोखोबा गेले. मेलेल्या मजुरांची हाडं कोण वेचतो? पण नामदेवराय तिथं गेले, चोखोबांच्या अस्थी ओळखून पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. आज नामदेव पायरीला आपण डोकं टेकवतो, तिथंच समोर चोखोबा आहेत.

नामदेवराय गेले नसते तर? मंगळवेढ्याची ती भिंत पुन्हा बांधली गेली असती आणि हाडं मातीत राहिली असती. चोखोबांचे अभंग अनंतभट्टांनी लिहून घेतले असं परंपरा सांगते. तेही नसते तर चोखोबा नावाचा कोणी संत होता हे आपल्याला कळलं नसतं. आम्हाला इथं एक विचार फार बोचला. त्या भिंतीखाली चोखोबा एकटे नव्हते. दुसरे जे होते त्यांच्यातही कोणी गाणारा असेल. त्याला नामदेव भेटला नाही. म्हणजे ज्याला आपण "असं झालं असतं तर" म्हणतो, ते कित्येकांच्या बाबतीत खरंच झालेलं आहे. जे बुडालं त्याची नोंद राहत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की सगळंच तरलं.

तिसरी गोष्ट खुद्द पांडुरंगाची. विठ्ठलाची मूर्ती विजयनगरच्या राजानं तिकडं नेली आणि पैठणच्या भानुदास महाराजांनी ती परत पंढरपूरला आणली, ही कथा आपण सगळे कीर्तनात ऐकतो. राजा कृष्णदेवराय म्हणतात, त्याची कारकीर्द १५०९ ते १५२९ ची. आता पुढचं पाहा. १५६५ मध्ये तालीकोटची लढाई झाली, विजयनगर हरलं आणि ती एवढी मोठी नगरी लुटली गेली, जाळली गेली. हंपीला विठ्ठलाचं मंदिर आजही आहे. दगडी रथ आहे, कोरीव खांब आहेत, लोक लांबून बघायला येतात. पण गाभारा रिकामा आहे.

भानुदास महाराज गेले नसते, किंवा राजाच्या वैभवाला भुलून, देव इथं सुखात आहे म्हणत एकटेच परतले असते, तर पन्नास वर्षांनी त्या आगीत काय उरलं असतं? सोन्याच्या दरबारात देव सुखरूप राहील असं तेव्हा कोणालाही वाटलं असतं. पंढरपूरचं मंदिर त्यापुढं साधंच होतं. पण संकट आलं तेव्हा पंढरपुराकडं एक गोष्ट होती जी दरबाराकडं नव्हती. देवाला पाठीवर घेऊन पळणारी माणसं होती. अफजलखान १६५९ मध्ये आला तेव्हा मूर्ती हलवली. पुढं १६९५ पासून १६९९ पर्यंत औरंगजेबाची छावणी भीमेकाठी ब्रह्मपुरीला पडली, तेव्हा मूर्ती जवळच्या देगावात लपवली होती असं तिकडं सांगतात. एखाद्या घरानं भिऊन नाही म्हटलं असतं तर? ती माणसं भ्यायली नसतील असं नाही. भ्यायली असतील, तरी नाही म्हटलं नाही.

याच भानुदास महाराजांचे पणतू एकनाथ महाराज. त्यांनी शके १५०६ म्हणजे सन १५८४ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली. माउलींना जाऊन तीनशे वर्षं होत आली होती. नकलांवरून नकला करताना ओव्या बदलल्या होत्या, कोणी आपल्या पदरच्या घातल्या होत्या. आणखी शंभर वर्षं कोणी हात घातला नसता तर माउलींचं कोणतं आणि भेसळ कोणती हे निवडता आलं नसतं. धान्य वेळेवर निवडलं तर निवडता येतं, कीड लागल्यावर सारंच फेकावं लागतं.

आता तुकोबारायांकडं येऊ, कारण पोराचा प्रश्न तिथला होता. पण वह्यांच्या आधी पावसाचा जर-तर आहे. सन १६३० च्या सुमाराला, शके १५५२ च्या आगेमागे, मोठा दुष्काळ पडला. तुकोबांचं दुकान बसलं, ढोरं मेली, पहिली बायको अन्न अन्न करत गेली, लेकरू गेलं. पाऊस वेळेवर पडला असता तर? देहूचे मोरे सावकार सुखात राहिले असते. दुकान चाललं असतं. आणि गाथा कदाचित झाली नसती.

कीर्तनात आम्ही पूर्वी म्हणत होतो की दुष्काळ पडला ते बरं झालं, गाथा मिळाली. आता म्हणत नाही. आम्ही दुष्काळ पाहिलेला आहे. ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याच्यापुढं उभं राहून "बरं झालं" म्हणायची आमची छाती नाही. दुष्काळानं तुकोबा घडवला नाही. त्या दुष्काळात हजारो घरं मोडली, सगळ्यांचे तुकोबा झाले नाहीत. तुकोबांनी त्या दुःखाचं जे केलं, त्याची ही गाथा आहे.

त्यांनी काय केलं ते पाहा. घरात लोकांकडून येण्याचे कर्जाचे कागद होते. निम्मे भाऊ कान्होबाला दिले आणि आपल्या वाट्याचे इंद्रायणीत सोडले. पुढं त्याच इंद्रायणीत अभंगांच्या वह्या बुडवाव्या लागल्या. म्हणजे एकाच नदीत दोनदा कागद बुडाले. कर्जाचे कागद बुडाले ते बुडालेच, त्यांच्यासाठी कोणी पाण्याकडं पाहिलं नाही. अभंग मात्र वर आले.

वह्या देवानं तारल्या ही आमची श्रद्धा आहे आणि ती रतीभरही कमी झालेली नाही. पण पोरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. वह्या बुडाल्याच असत्या तर जे अभंग टाळकऱ्यांच्या तोंडी बसले होते ते राहिले असते. जे संताजी जगनाड्यांनी लिहून ठेवले ते राहिले असते. जे फक्त त्या वह्यांत होते, कोणी गात नव्हतं, कोणी उतरवून घेतलं नव्हतं, ते गेले असते. देव तारतो. पण देवाला तारायला कोणाचा तरी हात लागतो, कोणाचा तरी गळा लागतो.

वारीचंही तसंच. शके १५७१ मध्ये तुकोबा वैकुंठाला गेले, तेव्हा नारायण महाराज आईच्या पोटात होते. बापाला न पाहिलेल्या त्या लेकानं १६८५ मध्ये पादुका पालखीत घालून देहू, आळंदी, पंढरपूर असा सोहळा सुरू केला. पुढं १८३२ च्या सुमाराला हैबतबाबा आरफळकरांनी माउलींची पालखी आळंदीहून वेगळी काढली आणि दिंड्यांना शिस्त लावली. हे दोघं नसते तरी लोक पंढरीला चाललेच असते. पण ज्याला आपण दिंडी म्हणतो, पताका, वीणा, टाळकऱ्यांच्या रांगा, ते असं दिसलं नसतं. आपली ही दिंडीही निघाली नसती आणि तिची शंभर वर्षं भरली नसती.

आता शेवटचा जर-तर, तो आमचा आहे. तो लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

आपल्या दिंडीत एक म्हातारे विणेकरी होते. काकड्याची एक चाल त्यांच्याच गळ्यात होती, त्यांना ती त्यांच्या गुरूकडून आलेली. पहाटे मुक्कामावर त्यांनी ती उचलली की झोपलेला माणूस उठून बसायचा. आम्ही वीस वर्षं त्यांच्या मागं चाललो. दरवर्षी म्हणायचो, बुवा, ही चाल बसवून घ्यायची आहे. ते म्हणायचे, बसा आत्ता. आणि आम्ही म्हणायचो, पुढच्या वारीत. मग एका वर्षी पुढची वारी आली आणि बुवा नव्हते. आज ती चाल कोणालाच येत नाही. आम्हाला पहिली दोन वळणं आठवतात, पुढं गळा अडतो. त्यांची हातानं लिहिलेली वही मिळाली, तिला निम्म्यावर वाळवी लागलेली.

आठशे वर्षांचा हिशेब करता करता आम्ही इथं येऊन थांबलो. मोठमोठ्या संकटांत ज्यांनी सोडलं नाही अशा माणसांची नावं वर लिहिली. आमच्यावर ना अफजलखान आला होता, ना दुष्काळ पडला होता. आम्ही नुसता आळस केला.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्तानं मंडळींना हात जोडून मागणं आहे. ज्यांच्या घरी जुन्या वारकऱ्यांच्या वह्या असतील त्यांनी त्या फडताळातून काढून उन्हाला लावाव्या आणि मंदिरात आणाव्या. आणून द्या असं म्हणत नाही, तुमची वस्तू तुमच्याकडंच राहू द्या, आम्ही उतरवून घेऊ. आणि ज्या म्हाताऱ्या माणसांना चाली येतात त्यांच्याजवळ आजच बसा. पुढच्या वारीत म्हणू नका.

वह्यांचा प्रश्न विचारणारं ते पोरगं आता कॉलेजात आहे. मागल्या एकादशीला आम्ही त्याला बोलावून हे सगळं सांगितलं आणि त्याची माफी मागितली. त्यानं खिशातून मोबाईल काढला, आमच्यापुढं ठेवला आणि म्हणालं, "महाराज, तुम्हाला येतात त्या तरी म्हणा." आम्ही बसलो. त्या दिवशी सात चाली झाल्या. आठवी ती बुवांची होती, तिची दोन वळणं म्हणून थांबलो. तेवढीही त्यानं ठेवली आहेत. कोणाला पुढचं येत असेल तर कळवावं.

रामकृष्ण हरी.