खोताची वाडी : नाव आपले, जतन शेजाऱ्यांचे

मुंबापुरीच्या घडणीत पाठारे प्रभू ज्ञातीचा वाटा किती, ह्याविषयी आपल्या स्मरणिकांतून वेळोवेळी लिहिले जाते. बिंबराजाबरोबर ह्या किनाऱ्यावर आलेल्या कुळांची परंपरा आपण सांगतो, इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’चा दाखला देतो, मुकुंदराव जयकरांची विद्वत्ता आणि रावबहादुर धुरंधरांची चित्रे ह्यांचा यथोचित अभिमान बाळगतो. परंतु ज्या घरांत आपली ज्ञाती पिढ्यान्‌पिढ्या नांदली, ती घरे आज कोठे आहेत असा प्रश्न कोणी केला, तर आपणांपैकी बहुतेकांस क्षणभर स्तब्ध व्हावे लागेल. माणसांचा इतिहास आपण लिहून ठेविला, घरांचा मात्र लिहिला नाही. ह्या उणिवेची जाणीव आम्हांस जेथे झाली, त्या गिरगावातील एका गल्लीची हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

ती गल्ली म्हणजे खोताची वाडी. विठ्ठलभाई पटेल मार्गावरून, सेंट तेरेसा चर्चपासून हाकेच्या अंतरावर, ह्या वाडीत शिरण्याची वाट आहे. गिरगाव हे एके काळी नारळी-पोफळींच्या बागांचे गाव होते. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी ही नावे अद्यापि त्या बागांची साक्ष देतात. खोताच्या वाडीचे नाव मात्र झाडावरून पडलेले नसून माणसावरून पडले आहे. दादोबा वामन खोत नावाचे पाठारे प्रभू गृहस्थ ह्या जमिनीचे धनी होते. त्यांनी आपल्या बागेचे तुकडे पाडून ते पूर्वभारतीय, म्हणजे ‘ईस्ट इंडियन’ म्हणविणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांना विकले आणि त्या कुटुंबांनी तेथे आपली घरे बांधिली.

हे ईस्ट इंडियन लोक आपणांस परके नव्हेत. वसई, साष्टी आणि मुंबई ह्या उत्तर कोकणच्या भूमीचेच ते पुत्र. पोर्तुगीज अमदानीत त्यांच्या पूर्वजांनी धर्म बदलला, तरी बोली मराठीच राहिली. गोव्याकडून व मंगळूरकडून नोकरीधंद्यासाठी आलेल्या ख्रिस्ती बांधवांपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून, १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. आपल्या घरी परभी मसाल्याची बरणी असते, त्यांच्या घरी बाटली मसाल्याची बाटली असते. दोहोंचाही वास एकाच किनाऱ्याचा आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

वाडीतील घरे पाहण्यासारखी आहेत. राजवाड्यांचा थाट त्यांत नाही. बहुतेक घरे एकमजली वा दुमजली आहेत. पुढे ओटा किंवा उघडी पडवी, बाहेरच्या अंगाने वर जाणारा जिना, लाकडी कठडे, लाकडी सज्जे आणि उतरत्या छपरांवर मंगळुरी कौले, अशी त्यांची सर्वसाधारण ठेवण आहे. जिना बाहेर असल्याने वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडास खालच्यांची अडचण होत नाही. पडवी उघडी असल्याने येणाऱ्या-जाणाऱ्याशी दोन शब्द बोलल्यावाचून दिवस जात नाही. कोकणातील धो धो पाऊस, दमट हवा आणि शेजारधर्म, ह्या तिन्हींचा विचार करून बांधलेली ही घरे आहेत. मागे १८९६ साली मुंबईत ग्रंथिज्वराची साथ आली, तेव्हा दाट वस्तीच्या गिरगावाने तिचा तडाखा सोसला. त्या काळी भाविकांनी उभारलेले क्रूस गिरगावात आजही दिसतात आणि नाताळात व सणावारी त्यांपुढे फुले व मेणबत्त्या ठेविल्या जातात.

ह्या वाडीत एके काळी पासष्ट घरे होती, असे सांगितले जाते. आज त्यांतील निम्मीही शिल्लक नाहीत. ह्याचे कारण शोधण्यास दूर जावयास नको. भूमीचा भाव चढला, घराण्याची वाटणी झाली, मुले उपनगरांत व परदेशी गेली, कौले शाकारणारा आणि सागवान जोडणारा कारागीर मिळेनासा झाला आणि एका घराच्या जागी दहा बिऱ्हाडांची इमारत उभी करणे सर्वांस सोयीचे वाटू लागले. बृहन्मुंबईसाठी वारसा-वास्तूंची नियमावली १९९५ साली झाली. ती आवश्यकच होती. परंतु कायदा फार तर दर्शनी भाग राखील, आतील चूल पेटती ठेवणे त्याच्या हाती नाही.

असे असता जी घरे टिकली, ती कशाने टिकली? आमच्या मते ह्याचे श्रेय दोन साध्या गोष्टींस आहे. वाडीतील काही रहिवाशांनी आपले दार पाहुण्यांस उघडले, आणि आपल्या दारापुढची गल्ली ही आपलीच आहे असे मानले. माहितगार वाटाड्याबरोबर लहान-लहान तुकड्यांनी लोक वाडी पाहण्यास येतात. कोणी पडवीत बसवून घराची हकीकत सांगतो. नाताळ जवळ आला म्हणजे घरांवर चांदण्या व दिवे लागतात, कठड्यांस रंग चढतो, कुंड्या मांडल्या जातात, आणि हे सारे गल्लीतली माणसे आपल्या हाताने करितात. गिरगावकरांस ही रीत नवी नाही. केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तोही शेजाऱ्यांच्याच अंगमेहनतीवर. आणि आज गुढीपाडव्याच्या शोभायात्रेसाठी पहाटे उठून रस्त्यावर रांगोळ्या घालणारी तरुण मंडळी त्याच परंपरेची आहे.

घर दाखवून घर राखण्याची ही युक्ती अन्य देशांतही परिणामकारक ठरली आहे. इंग्लंडात १९२७ साली ६०९ खाजगी बागा एक-एक शिलिंग घेऊन लोकांस खुल्या करण्यात आल्या आणि तो पैसा गोरगरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांच्या कार्यास दिला गेला. अमेरिकेतील फिलाडेल्फिया नगरात एल्फ्रेथ्स ॲली नावाची एक चिंचोळी गल्ली आहे. तीत कारागिरांची व व्यापाऱ्यांची अशी ३२ लहान जुनी घरे आहेत. ही गल्ली मोडकळीस आली असता १९३४ साली तेथील रहिवाशांनी मंडळ स्थापिले आणि वर्षातील ठराविक दिवशी आपली राहती घरे पाहुण्यांस दाखविण्याचा प्रघात पाडला. गल्ली अद्यापि नांदती आहे. आपल्या खोताच्या वाडीचे आणि ह्या गल्लीचे साम्य वाचकांच्या ध्यानात येईलच : दोन्हीही सामान्य माणसांच्या वस्त्या, तेथे कोणी राजा राहिला नव्हता.

तथापि ह्या रीतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर हे लेखन एकांगी ठरेल. अमेरिकेच्याच दक्षिण भागात चार्ल्स्टन नावाचे जुने बंदर आहे. जुन्या वस्तीच्या रक्षणार्थ स्वतंत्र नियम १९३१ साली करणारे ते त्या देशातील पहिले नगर. तेथे १९४७ पासून वसंतऋतूत घरे दाखविण्याचा क्रम चालू झाला, आणि १९५९ पासून एका जुन्या पेठेतील पडकी घरे विकत घेऊन ती दुरुस्त करण्याचे मोठे कार्य हाती घेण्यात आले. घरे वाचली, पेठ देखणी झाली. पण भाव इतके चढले की तेथे भाड्याने राहणाऱ्या गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांस ती पेठ सोडावी लागली. ज्यांच्या पूर्वजांनी गुलामगिरीत राबून त्या नगराच्या भिंती रचल्या, त्यांच्याच वंशजांस त्या भिंतींत ठाव उरला नाही. घरास रंग लावताना घरातील माणूस बाहेर पडणार नाही ना, हे पाहणे म्हणूनच अत्यंत अगत्याचे आहे.

खोताच्या वाडीतही ह्याची चाहूल लागली आहे. पाहुण्यांपैकी काहीजण दारात उभे राहून, न विचारता, खिडकीतून आतील माणसांची छायाचित्रे काढतात; गल्लीत मोठ्याने बोलतात; दुपारच्या वामकुक्षीच्या वेळी कठड्यावर चढून बसतात. राहते घर हे वस्तुसंग्रहालय नव्हे, एवढे भान पाहुण्याने ठेविलेच पाहिजे.

आम्ही स्वतः काही स्नेह्यांसमवेत वाडी पाहण्यास गेलो होतो, त्या वेळचा एक प्रसंग येथे नमूद करतो. एका पडवीत एक वयोवृद्ध बाई बसल्या होत्या. आम्ही नमस्कार केला, तशा त्या म्हणाल्या, “या, बसा. उन्हाचे आलात.” पाणी झाले, घराची हकीकत झाली. आम्ही थोड्याशा अभिमानाने सांगितले की, ज्या खोतांच्या नावाने ही वाडी ओळखली जाते, ते आमच्या ज्ञातीचे. बाईंना ते ठाऊक होते. त्यांनी मान डोलावली आणि अगदी सरळ मनाने विचारिले, “मग तुमची माणसं आता कुठं राहतात? तुमची घरं आहेत का अजून?”

ह्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. आमच्या घराण्याचे गिरगावातील घर कधीच गेले. चुलत भावंडांत वाटणीचा तंटा झाला, दुरुस्ती लांबली, आणि अखेर ते पाडून तेथे उंच इमारत झाली. त्यात दोष कोणाचा, हे उगाळण्यात अर्थ नाही. कागदावर सह्या करणाऱ्यांत आम्हीही होतो. पुढे आमच्या नातवास शाळेत ‘आमचे जुने घर’ ह्या विषयावर चित्र काढावयाचे होते. त्याने विचारिले, देवघर कोठे होते? आम्ही तिघे भाऊ जमलो होतो. एकाने सांगितले, विहिरीच्या बाजूस. दुसऱ्याने सांगितले, माजघराच्या पलीकडे. आम्ही स्वतः जिन्याखाली म्हणालो. तिघेही त्याच देवघरात गौरीगणपतीस हात जोडून वाढलेले! घर गेल्याचे दुःख होतेच. परंतु त्याची आठवणही धड राखता आली नाही, ह्याची लाज त्याहून मोठी वाटली. नातवाने शेवटी आपल्या मनाने एक घर काढले आणि त्यास लाल कौले घातली.

धुरंधरांनी ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ हे आत्मवृत्त १९४० साली प्रसिद्ध केले. त्यांच्या चित्रांतून आपल्या स्त्रियांची वस्त्रे, अलंकार व मंगलकार्ये जशीच्या तशी उमटली आहेत म्हणून तो संसार कसा होता हे आज आपणांस कळते. प्रत्येक घराण्यात धुरंधर जन्मास येत नाही. पण कागदावर चार रेघा ओढून ‘येथे ओटा, येथे माजघर, येथे विहीर’ एवढे लिहावयास चित्रकार लागत नाही.

म्हणून ज्ञातिबंधू-भगिनींस आमची नम्र विनंती आहे. ज्यांच्या घरी सत्तरी ओलांडलेली माणसे आहेत, त्यांनी येत्या दिवाळीपूर्वी त्यांच्याजवळ बसून जुन्या घराचा आराखडा काढून घ्यावा. पेटीतील छायाचित्रांच्या पाठीमागे माणसांची नावे व जागा लिहून ठेवावी. पेन्सिलीने लिहावी, म्हणजे शाई फुटून चित्र खराब होणार नाही. ज्या थोड्या कुटुंबांची जुनी घरे वा चाळीतील खोल्या अद्यापि उभ्या आहेत, त्यांनी वर्षातून एका रविवारी ज्ञातीतील मुलांस त्या दाखवाव्या, घरी भानोळे झाले असेल तर ते हातावर ठेवावे. आणि त्या मुलांनीही आदल्या दिवशी जाऊन त्या घरापुढची गल्ली झाडून काढावी, कुंड्यांस पाणी घालावे. पाहुणा म्हणून जावयाचे, तर आधी हाती केरसुणी घ्यावी, हा धडा लहानपणीच मिळालेला बरा.

आणि खोताच्या वाडीतही एकदा जावे. तेथील रहिवाशांनी आपल्या एका पूर्वजाचे नाव कोणीही न सांगता इतकी वर्षे सांभाळले आहे. त्यांचे आभार मानणे हे आपले कर्तव्य होय. गिरगावात २०२५ साली भुयारी मेट्रो धावू लागली; येणे-जाणे सोपे झाले आहे, तेव्हा लांब पडते ही सबबही उरली नाही. जाताना मात्र आवाज खाली ठेवावा, विचारल्यावाचून छायाचित्र घेऊ नये, आणि पडवीत कोणी “या, बसा” म्हटले तर घटकाभर अवश्य बसावे. ‘तुमची घरे आहेत का अजून?’ असे आपणांसही कोणी विचारील. घरे राहिली नसली, तरी निदान त्यांचे आराखडे आहेत, मुलांस ती पाठ आहेत, एवढे उत्तर तरी त्या वेळी आपल्यापाशी असावे, हीच ह्या लेखाची इच्छा.