त्वचेचा पहारा

निजलेला मनुष्य रात्रीतून कितीतरी वेळा कूस पालटतो. बसलेला मनुष्य नकळत मांडी बदलतो. एकाच जागी पडणारा दाब त्वचा मेंदूस सतत कळवीत असते, म्हणूनच हे घडते. दाबाखालच्या भागास फार वेळ रक्त मिळाले नाही, तर तेथे जखम होते. या मूक पहाऱ्याचे मोल जगास शिकविले, ते ज्यांचा पहारा उठला होता अशा कुष्ठरुग्णांनी.

पनवेलजवळ नेरे येथे अशा रुग्णांना आसरा देणारे शांतिवन नवी मुंबईकरांस परिचित आहे. त्याहून कितीतरी जुने वडाळ्याचे रुग्णालय १८९० साली मुंबईचे पालिका आयुक्त अ‍ॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने उभे राहिले. रुग्णाची बोटे रोगानेच गळतात, ही समजूत मात्र पुढेही दीर्घकाळ टिकली. ती खोडून काढण्यात १९४६ साली वेल्लोरला आलेले शल्यवैद्य पॉल ब्रँड यांचा वाटा मोठा होता. रोगजंतू मज्जातंतू निकामी करतात. मग चपलेचा काच वा पायात शिरलेला खडा रुग्णास कळत नाही, आणि साध्या दाबाचीच जखम होते, असे त्यांनी दाखविले. मऊ रबरी तळाच्या पादत्राणांनी पुष्कळांचे पाय वाचले.

परंतु निरोगी त्वचेस दाब कळतो कसा? १८७५ साली जर्मन शरीरशास्त्रज्ञ मेर्केल यांनी त्वचेतील स्पर्शपेशींचे वर्णन केले. १९२६ साली एड्रियन व झोटरमन यांनी मांजराच्या पंजाच्या मज्जातंतूंतील विद्युत्स्पंद टिपले. दाब वाढला की स्पंद मोठे होत नाहीत, दाट होतात. दाब स्थिर राहिला की हळूहळू विरळ होतात. २०१४ साली उंदरांवरील प्रयोगांत आढळले की, दाब टिकून असेतोवर स्पंद चालू राहण्यास मेर्केलच्या पेशी आवश्यक असतात.

त्याच वर्षी अमेरिकेतील लेस्नियाक, गर्लिंग, लम्पकिन प्रभृतींनी संगणकात या यंत्रणेची प्रतिकृती रचली. त्वचा किती दबते, त्यातून विद्युत्प्रवाह किती उपजतो आणि स्पंद केव्हा उमटतो, या तीन पायऱ्या त्यांनी गणिताने जोडल्या. मज्जातंतूच्या फांद्यांवर या पेशींचे लहानमोठे घोस असतात. त्यांची वाटणी कशी झाली आहे यावरही संदेशाची दाटी ठरते, असे गणित सांगते. एकेका पेशीची अशी वाटणी बदलून पाहणे जिवंत त्वचेत दुष्कर. संगणकात ते सहज साधते.

हा विषय केवळ प्रयोगशाळेचा नव्हे. दीर्घकाळच्या मधुमेहानेही तळव्यांची जाणीव हरपू शकते. १० ग्रॅम भाराने वाकणारा नायलॉनचा धागा तळव्यास टेकवून वैद्य तिची परीक्षा करतात. घरातील वडीलधाऱ्यांस तो स्पर्श कळेनासा झाला, तर त्यांचे तळवे रोज नजरेखालून घालावेत. त्वचेने सोडलेला पहारा तेव्हा डोळ्यांनी करावयाचा असतो.