दोनशे किलोचा टीव्ही ओसाकाहून अमेरिकेला कसा गेला?

घर बदलायचं म्हटलं की कपाट, पलंग, भांड्यांची पोती ट्रकमध्ये चढतात आणि मग एका वस्तूपाशी सगळे हमाल थांबतात. ‘साहेब, टीव्ही कसा न्यायचा?’ आजचा भाग याच प्रश्नाच्या इतिहासावर आहे.

सुरुवात जपानपासून करू. 1989 साली सोनीने 43 इंची पडद्याचा एक टीव्ही बाजारात आणला. आजच्यासारखा सपाट नव्हे हं, काचेच्या पिक्चर ट्यूबचा. जपानमध्ये किंमत 26 लाख येन, अमेरिकेत 40 हजार डॉलर. वजन सुमारे 200 किलो! अशा ट्यूबच्या टीव्हींमध्ये विक्रीला आलेला हा सर्वात मोठा मानला जातो.

आता एवढं वजन कशाचं? तर काचेचं. पिक्चर ट्यूबच्या आत हवा नसते, जवळजवळ निर्वात पोकळी असते. त्यामुळे बाहेरची हवा तिला सगळीकडून दाबत असते. 43 इंची पडद्याचा हिशेब करून बघा. साधारण 87 सेंटिमीटर रुंद, 65 सेंटिमीटर उंच. एवढ्या पृष्ठभागावर हवेचा दाब भरतो जवळपास पावणेसहा टन. म्हणजे एक भरलेला ट्रक काचेला टेकून उभा आहे म्हणा ना. तो दाब सोसायचा तर काच जाड हवी. शिवाय ट्यूबमध्ये तयार होणारे क्ष-किरण अडवायला मागच्या नरसाळ्यासारख्या भागाच्या काचेत शिसं मिसळलेलं असायचं. पडदा जरा मोठा केला की वजन भराभर वाढायचं, ते यामुळे.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला. त्या काळातले लाकडी शटरचे, चार पायांचे टीव्ही बऱ्याच जणांना आठवत असतील. बदलीची नोकरी असलेल्या घरांत टीव्हीचं मूळ खोकं आणि थर्मोकोल वर्षानुवर्षं माळ्यावर जपून ठेवलेलं असायचं. खोकं नसेल तर गोधडीत गुंडाळायचं. उचलताना टीव्हीचं तोंड आपल्या छातीकडे करायचं, कारण सगळं वजन पुढच्या काचेत. पाठ आपल्याकडे केली की टीव्ही पुढच्या बाजूला कलंडलाच. आणि मागची बारीक मान फुटली की ट्यूब कायमची गेली, म्हणून तिकडे हात लावायचा नाही. हे शास्त्र कुणी पुस्तकात वाचलं नव्हतं, पण टेम्पोवाल्यांना पक्कं ठाऊक होतं.

या काचेशी महाराष्ट्राचंही जवळचं नातं आहे. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या व्हिडिओकॉनने 2005 मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय विकत घेतला. इटली, पोलंड, मेक्सिको, चीन इथले कारखाने त्यासोबत आले. पण तोवर जग सपाट पडद्यांकडे वळलं होतं. पुढच्या काही वर्षांत एकेक कारखाना बंद पडत गेला. आज नवी मोठी ट्यूब बनवून घ्यायची म्हटलं, तर जायचं कुणाकडे?

म्हणूनच सोनीच्या त्या टीव्हीची गोष्ट महत्त्वाची ठरते. जुन्या टीव्हींच्या शौकिनांमध्ये त्याची जाहिरात, माहितीपत्रक फिरत होतं, पण चालू अवस्थेतला टीव्ही कुठेच सापडत नव्हता. अखेर एक फोटो मिळाला. ओसाकामधल्या सोबा नूडल्सच्या एका हॉटेलात, वरच्या मजल्यावर तो उभा होता. शँक मॉड्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन यूट्यूबरने इंटरनेटवर हाक दिली, तेव्हा जपानमधला एक माणूस प्रत्यक्ष जाऊन बघून आला. टीव्ही होता, सुरूही होत होता. पण हॉटेलची इमारत पाडायची होती. हातात वेळ अगदी थोडा.

मग 2022 मध्ये माणसं लावून तो जिन्यावरून खाली उतरवला, पेटीत बंद केला आणि जहाजाने अमेरिकेला पाठवला. तिथे पोचल्यावर दुरुस्ती करावी लागली, पण चित्र उमटलं. ही सगळी हकिकत डिसेंबर 2024 मध्ये व्हिडिओतून जगापुढे आली.

यात एक गंमत बघा. इतकी वर्षं तो टीव्ही टिकला कसा? मला वाटतं, हलवणं अवघड होतं म्हणूनच. हलका असता तर कधीच भंगारात गेला असता. आणि इमारत पडणार म्हटल्यावर तेच वजन त्याच्या जिवावर उठलं होतं.

आता सपाट टीव्हीचं. 55 इंची टीव्ही साधारण 15 किलोचा, एकटा माणूसही उचलू शकेल. वजन गेलं, पण नाजूकपणा आला. पडद्याची काच पातळ, आधार फक्त कडांना. आडवा झोपवला की खड्ड्यात बसणारा प्रत्येक दणका मधल्या भागाला बसतो. म्हणून उभाच न्यायचा, पडद्यावर बोट टेकवायचं नाही, आणि वर दुसरं सामान ठेवायचं नाही.

हलका झाल्यामुळे टीव्ही विमानातूनही येऊ लागला. दुबई, बँकॉकहून येणारे लोक सोबत मोठमोठे टीव्ही आणायचे. इतके की 26 ऑगस्ट 2013 पासून सरकारने सपाट टीव्हीला प्रवाशांच्या करमुक्त सामानातून वगळलं आणि त्यावर पूर्ण सीमाशुल्क लावलं. रुपया घसरत होता, परकीय चलन वाचवायचं होतं. दोनशे किलोच्या टीव्हीसाठी असा नियम करायची वेळच आली नसती!

वस्तू नेण्याचा खर्च तिच्या किमतीपेक्षा जास्त झाला, की आपण ती मागे सोडतो. ट्यूबचे बहुतेक टीव्ही असेच भंगारवाल्याकडे गेले. संग्रहालयात दिसतं ते फक्त कुणीतरी उचलून आणलेलं. तेव्हा पुढच्या वेळी गावचं घर रिकामं करताना कोपऱ्यातला तो जड डबा दिसला, तर काढून टाकण्याआधी निदान एक फोटो घ्या, मागच्या पट्टीवरचं मॉडेल आणि साल लिहून ठेवा. ओसाकाच्या टीव्हीचा पत्ता एका फोटोवरूनच लागला होता.

तुमच्या घरचा पहिला टीव्ही कोणता होता, कुठून कुठे गेला, जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!