आपल्या जिल्ह्याचें पूर्ववृत्त

ज्युबिलीचा प्रसंग हा उपकारस्मरणाचा होय. ज्या भूमींत आपली मंडळी वाढली, त्या बुलढाणा जिल्ह्याचें ऋणही अशा वेळीं आठवावें, या हेतूनें त्याच्या इतिहासाचे चार शब्द आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

आरंभ सिंदखेडराजापासूनच केला पाहिजे. निजामशाहींतील मातबर सरदार लखुजी जाधवराव यांच्या पोटीं इ. स. १५९८ सालीं जिजाबाईंचा जन्म येथें झाला. १६२९ सालीं दौलताबादेस भर दरबारांत लखुजींचा पुत्रांसह विश्वासघातानें वध झाला. माहेर असें एका दिवसांत उजाड झालें. आणि पुढच्याच वर्षीं त्या माउलीनें शिवरायांस जन्म दिला.

सिंदखेडचें नांव लहान मुलासही ठाऊक आहे. परंतु त्याच तालुक्यांतील साखरखेर्ड्याची महती किती जणांस ठाऊक असेल? ११ ऑक्टोबर १७२४ रोजीं येथें निजाम-उल्-मुल्क व हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान यांची घनघोर लढाई झाली. मुबारिजखानास दिल्लीच्या बादशहाची गुप्त फूस होती. निजामास मराठ्यांचें साह्य होतें. मुबारिजखान रणांत पडला, गांवास फत्तेखेर्डा हें नांव मिळालें आणि आसफजाही राज्याचा पाया घातला गेला. १९४८ पर्यंत टिकलेल्या त्या विशाल राज्याची जन्मभूमि आपल्या जिल्ह्यांतील एक खेडें होय!

या जयाचें मोल मात्र रयतेनें दिलें. पुढें वऱ्हाडांत निजाम व नागपूरकर भोसले या दोघांचाही वसूल चालूं लागला. या कारभारास दुअमली म्हणत. एकाच शेतावर दोन धन्यांचा हक्क! १८०३ च्या देवगांवच्या तहानें भोसल्यांचा हक्क संपला; १८५३ सालीं फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केला. कर्ज दरबाराचें, गहाण पडली ती रयतेची भूमि.

इंग्रजांनीं जिल्ह्याच्या ठाण्यासाठीं घाटावरचें थंड हवेचें बुलढाणें निवडलें. ‘भिलठाणा’ या शब्दावरून हें नांव आलें, असें सांगतात. घाटाखालीं खामगांव वाढलें तें कापसावर. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंतील यादवीमुळें तिकडील कापूस विलायतेस मिळेना. तेव्हां वऱ्हाडच्या काळ्या मातीस सोन्याचें मोल आलें. १८७० सालीं जलंबहून खामगांवास लोहमार्गाचा फांटा आला. त्या वेळीं अकोला जिल्ह्यांत असलेला खामगांव तालुका १९०५ सालीं आपल्या जिल्ह्यास जोडला गेला.

सीमा अशा फिरतच राहिल्या. हा भाग १९०३ सालीं मध्यप्रांतास जोडला गेला, १९५६ त मुंबई राज्यांत आला व १९६० त महाराष्ट्रांत. आपल्या धर्मप्रांताचेंही तसेंच. १९५५ सालीं नागपूर धर्मप्रांतांतून अमरावतीचा धर्मप्रांत वेगळा झाला.

धनी बदलले, सीमा बदलल्या. नांगर धरणारा हात तोच राहिला. राजांचीं नांवें इतिहासांत राहिलीं, त्या हाताचें नांव कोणीं लिहिलें नाहीं. म्हणून तरुणांस आमची विनंति आहे कीं, सिंदखेडास जाल तेव्हां साखरखेर्ड्यासही जावें, आणि घरच्या वडीलधाऱ्यांस त्यांच्या गांवचा वृत्तांत विचारून लिहून ठेवावा. पुढील ज्युबिलीस तोच आपला खरा इतिहास ठरेल.