कापसापासून चिंधीपर्यंतचा हिशेब

वस्तू पर्यावरणाला किती जड पडते, हे कारखान्याच्या फाटकापाशी मोजायचं की तिच्या सगळ्या आयुष्यावर? हा प्रश्न १९६९ साली शीतपेयाच्या बाटलीवरून उभा राहिला. कोकाकोलाचे हॅरी टीझली यांना बाटली काचेची घ्यावी की दुसऱ्या कशाची, हे ठरवायचं होतं. कन्सास सिटीच्या मिडवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटने मग प्रत्येक पर्यायासाठी किती कच्चा माल, किती इंधन लागतं आणि किती कचरा मागे राहतो, याचा हिशेब मांडला. तो कंपनीने छापला नाही, पण पद्धत रुजली. १९७४ मध्ये त्याच संस्थेने अमेरिकी सरकारसाठी असाच अभ्यास केला आणि तो सर्वांसमोर आला.

या पद्धतीचा गाभा मला फार मोलाचा वाटतो. एका बाटलीची दुसऱ्या बाटलीशी तुलना करायची नाही. ‘हजार लिटर पेय लोकांपर्यंत पोचवणं’ या कामाची करायची. काचेची बाटली धुऊन पुन्हा भरली जाते, म्हणून ती किती फेऱ्या मारते यावर सगळा निकाल फिरतो. दोनच फेऱ्यांत फुटली तर तिचं वजन आणि तिच्यासाठी जळलेलं भट्टीचं इंधन अंगावर येतं. पुष्कळ फेऱ्या झाल्या तर तेच ओझं वाटलं जातं. बाटली किती जाड करायची, हे ठरवणारा डिझायनर नकळत हा हिशेबही ठरवत असतो.

१९९० साली व्हरमाँटमधल्या एका बैठकीत या पद्धतीला जीवनचक्र मूल्यांकन हे नाव मिळालं आणि १९९७ मध्ये आयएसओ १४०४० हे मानक आलं. भारताने १९९१ मध्येच पर्यावरणस्नेही वस्तूंसाठी ‘इकोमार्क’ हे चिन्हांकन सुरू केलं होतं. त्याचं चिन्ह मातीचं मडकं: घडवायला ऊर्जा कमी, घातक कचरा नाही. चिन्ह सुरेख होतं, पण कंपन्या फारशा फिरकल्या नाहीत. २०२४ मध्ये नियम नव्याने आले.

हाच हिशेब कापडाला लावायचा तर आता मध्य प्रदेशातल्या बदनावरकडे वळू. पूर्वीच्या धार संस्थानातल्या या तालुक्यात, भैंसोल्याला, १७ सप्टेंबर २०२५ रोजी पीएम मित्र या केंद्र सरकारच्या योजनेतल्या वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. दोन हजारांहून अधिक एकर जागा. सूतकताईपासून शिलाईपर्यंत सगळं एकाच आवारात आणण्याचा बेत. सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र. अमरावतीलाही असाच पार्क होतो आहे. सांडपाणी केंद्र हवंच, पण ते फाटकापाशीचं मोजमाप आहे. गडद काळा रंग घ्यायचा की फिका, कापूस नि पॉलिएस्टर मिसळायचे का, शिवण किती टिकावी, हे सांडपाण्याच्या खूप आधी, नमुन्याच्या टेबलावर ठरतं. मिश्र कापडातले धागे पुन्हा वेगळे करणं अवघड. तो निर्णय एकदा घेतला की चिंधीचं भवितव्यही ठरून जातं.

धार जिल्ह्यातच बाग आहे. तिथले खत्री छिपे फिटकिरी, हरडा, धावड्याची फुलं वापरून कापड छापतात आणि बाघिनी नदीच्या वाहत्या पाण्यात धुतात. बाग प्रिंटला भौगोलिक मानांकनही आहे. मला त्या लाल-काळ्या छापाचं प्रेम आहे. तरीही केवळ ‘नैसर्गिक’ म्हणून त्याला हिशेबातून सूट देऊ नये. लाल रंग खुलवणारं अलिझरिन एकेकाळी मंजिष्ठेसारख्या मुळांतून मिळे. १८६९ च्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ते दगडी कोळशाच्या डांबरातल्या द्रव्यापासून बनवलं आणि आज ते बहुधा कारखान्यातूनच येतं. रंगाच्या कढईला लाकूड किती लागतं, धुण्याला पाणी किती, आणि ते कापड किती वर्षं अंगावर राहतं, हे सारं मोजायलाच हवं.

बदनावरच्या कंपन्यांना एक सोय मिळते आहे: सूत, विणाई, रंगाई, शिलाई यांचे आकडे शेजारीशेजारी असतील. इतर ठिकाणी हेच आकडे चार राज्यांतल्या पुरवठादारांकडून मागून आणावे लागतात. पार्कने प्रत्येक नव्या कापडाच्या नमुन्यासोबत पाणी, वीज, रंगद्रव्यं आणि धाग्यांचं मिश्रण यांची नोंद बंधनकारक करावी, आणि ती ऑर्डर पक्की होण्याआधी डिझायनरच्या हाती द्यावी.